गाडीतली संत्री, गाडीत संत्री : इंग्रजी वाक्यातील क्रियापद, सर्वनाम आणि संबंधशब्द

नागपूरच्या ईशान्येला असलेल्या कळमन्याच्या बाजार आवारातून काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड, मोर्शी या पट्ट्यातली संत्री देशभर जातात, आणि माल भरलेल्या प्रत्येक ट्रकबरोबर एक कागद जातो, ज्याला बाजारात बिल्टी म्हणतात. या कागदावरची बोलणी मराठीत, नागपुरी बोलीत किंवा हिंदीत झालेली असली, तरी छापील रकाने बहुधा इंग्रजीतच असतात: ‘फ्रॉम’ या शब्दापुढे माल निघाला ते ठिकाण, ‘टू’ या शब्दापुढे माल पोचायचा ते ठिकाण, ‘कन्साइनर’पुढे पाठवणाऱ्याचे नाव आणि ‘कन्साइनी’पुढे घेणाऱ्याचे. या कागदावर एकही पूर्ण वाक्य नसते, क्रियापद तर औषधालाही सापडत नाही, आणि तरीही कोणी काय कुठून कुठे पाठवले यात कोणाचा गोंधळ होत नाही, कारण नात्याचा शब्द आधी छापलेला आहे आणि नाव त्याच्यापुढे हाताने लिहायचे आहे. हाच मजकूर मराठीत छापायचा झाला तर रकान्यांची रचना उलटी करावी लागते, ‘......पासून ......पर्यंत’ अशी, म्हणजे रिकामी जागा आधी आणि नात्याचा शब्द नंतर. इंग्रजी आणि मराठी या दोन भाषांच्या वाक्यरचनेतला बहुतेक सगळा फरक या बिल्टीच्या रकान्यांत बीजरूपाने आहे असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

नाम आणि वाक्यातला दुसरा शब्द यांचे नाते सांगणाऱ्या शब्दाला मराठी व्याकरणात शब्दयोगी अव्यय म्हणतात. वर, खाली, साठी, कडे, मागे, पाशी हे असे शब्द होत. इंग्रजीतले ‘इन’, ‘ऑन’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’, ‘टू’ हे शब्द तेच काम करतात, पण नामाच्या आधी उभे राहून करतात, म्हणून त्यांना पूर्वयोगी म्हणणे सोयीचे आहे, आणि असा शब्द अधिक त्याचे नाम मिळून जो गट होतो, उदाहरणार्थ ‘इन द ट्रक’ किंवा ‘फ्रॉम काटोल’, त्याला या प्रकरणात पूर्वयोगी पदबंध म्हटले आहे. आधी की नंतर हा प्रश्न त्या त्या भाषेच्या लहरीचा नाही. अमेरिकन भाषावैज्ञानिक जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात जगातल्या 30 भाषांची तुलना करून दाखवले की ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते त्यांत नात्याचा शब्द जवळजवळ नेहमी नामाच्या नंतर लागतो, तर ज्या भाषांत क्रियापद कर्माच्या आधी येते त्यांत तो बहुधा नामाच्या आधी उभा राहतो. मराठीतले ‘संत्री विकली’ आणि ‘बाजारात’ या दोन रचना एकाच साच्यातल्या आहेत, कारण दोन्हींत मुख्य शब्द शेवटी आहे. इंग्रजीतल्या ‘सोल्ड ऑरेंजेस’ आणि ‘इन द मार्केट’ यादेखील एकाच साच्यातल्या आहेत, फक्त तो साचा आरशातल्यासारखा उलटा आहे.

मराठीत नामाला नात्याचा शब्द लागण्यापूर्वी नामाचेच रूप बदलते. ‘बाजार’चे ‘बाजारा-’ होते, ‘घोडा’चे ‘घोड्या-’ होते, आणि या सामान्यरूपाला मग ‘त’, ‘ला’, ‘वर’, ‘साठी’ चिकटतात. याचा परिणाम असा की नाम आपले नाते अंगावरच वागवते, आणि ‘अडत्याने शेतकऱ्याला हिशेबपट्टी दिली’ हे वाक्य ‘शेतकऱ्याला अडत्याने हिशेबपट्टी दिली’ किंवा ‘हिशेबपट्टी अडत्याने शेतकऱ्याला दिली’ असे फिरवले तरी देणारा तोच राहतो आणि घेणाराही तोच. बदलतो तो भर. इंग्रजीत मात्र ‘द एजंट गेव्ह द फार्मर अ स्लिप’ या वाक्यातली पहिली दोन नामे एकमेकांच्या जागी ठेवली की पट्टी देणारा शेतकरी ठरतो आणि घेणारा अडत्या. इंग्रजीत नामाच्या अंगावर खूण नाही. जागा हीच खूण आहे.

महाराष्ट्रात इंग्रजी शिकवण्याची जी परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली, तिने हा फरक दाखवण्यापेक्षा झाकलाच जास्त. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये निघाले, त्यानंतर व्याकरणाच्या परिभाषेत विभक्तींचा तक्ता स्थिरावला, आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारख्या पुस्तकांवर वाढलेल्या पिढ्यांनी दोन भाषांमधला पूल म्हणून जोड्या पाठ केल्या: ‘ने’ म्हणजे ‘बाय’ किंवा ‘विथ’, ‘ला’ म्हणजे ‘टू’, ‘हून’ म्हणजे ‘फ्रॉम’, ‘चा’ म्हणजे ‘ऑफ’, ‘त’ म्हणजे ‘इन’. पाठमालेचे ऋण मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही, कारण शिक्षक नसलेल्या गावातही तिने इंग्रजीचे दार उघडले. परंतु ही जोड्यांची यादी मनात पक्की बसली की शिकणारा प्रत्येक प्रत्ययामागे एक इंग्रजी शब्द शोधू लागतो, आणि तिथेच फसतो. ‘मी त्याला भेटलो’ यात ‘ला’ आहे, पण इंग्रजीत ‘मेट हिम’ असे नुसतेच म्हणतात. ‘तिच्याशी लग्न केले’ यात ‘शी’ आहे, म्हणून ‘मॅरीड विथ हर’ हे हमखास तोंडात येते, जिथे ‘मॅरीड हर’ पुरते. ‘भावाविषयी चर्चा केली’ याचे ‘डिस्कस्ड अबाउट द प्राइस’ होते, जिथे ‘अबाउट’ला जागाच नाही. उलट ‘त्याची वाट पाहिली’ यात मराठीला कोणतेही शब्दयोगी अव्यय लागत नाही, पण इंग्रजी ‘वेटेड’ला ‘फॉर’ घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नात्याचा शब्द कोणता हे नामावर ठरत नसून क्रियापदावर ठरते, आणि क्रियापदाबरोबरच तो पाठ करावा लागतो, हे सांगणारा रकाना त्या तक्त्यात नव्हता. महाराष्ट्र शासनाने 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. शिकण्याचे वय खाली आले, मात्र जोड्या लावण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही.

देण्याघेण्याच्या क्रियापदांत हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो, कारण तिथे वस्तू आणि व्यक्ती अशी दोन कर्मे एकत्र येतात. ‘गेव्ह द फार्मर अ स्लिप’ आणि ‘गेव्ह अ स्लिप टू द फार्मर’ या दोन्ही रचना इंग्रजीत चालतात. पहिलीत व्यक्ती क्रियापदाला लगटून येते म्हणून तिला ‘टू’ लागत नाही, दुसरीत ती दूर जाते म्हणून ‘टू’चा आधार घेते. आता वस्तूच्या जागी ‘इट’ हे सर्वनाम ठेवले की एक वाट जवळजवळ बंद होते: ‘गेव्ह इट टू द फार्मर’ बरोबर, पण ‘गेव्ह द फार्मर इट’ हे बहुतेक इंग्रजी कानांना खटकते. सर्वनाम हा लहान, आघात नसलेला आणि आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीकडे बोट दाखवणारा शब्द आहे, त्यामुळे तो क्रियापदाच्या अगदी जवळ बसू पाहतो, आणि नवी, वजनदार माहिती वाक्याच्या शेवटाकडे सरकते. शिवाय सगळी क्रियापदे व्यक्तीला अशी जवळ बसू देत नाहीत. ‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘सेल’, ‘टेल’ ही जुनी, घरातली क्रियापदे तशी मोकळी आहेत, तर फ्रेंच-लॅटिनमधून आलेली ‘एक्सप्लेन’, ‘डिस्क्राइब’, ‘सजेस्ट’, ‘डोनेट’ ही बहुधा नाहीत, आणि त्यांना ‘टू’ घातल्याशिवाय व्यक्ती जोडता येत नाही. ‘मला समजावून सांगा’ याचे ‘एक्सप्लेन मी’ असे रूप नागपुरातच नव्हे तर साऱ्या महाराष्ट्रात ऐकू येते ते याच कारणाने; मराठीत ‘मला’ ‘दे’बरोबरही चालते आणि ‘समजावून सांग’बरोबरही, पण इंग्रजी त्या दोन क्रियापदांना वेगवेगळ्या घराण्यांतली मानते. ‘म्हणाला’ आणि ‘सांगितले’ यांचीही हीच गत आहे: ‘टोल्ड मी’, पण ‘सेड टू मी’.

बिल्टीवरचा ‘कन्साइनी’ हा शब्द या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखा आहे. ‘-ई’ हा प्रत्यय इंग्रजांच्या न्यायालयांतल्या फ्रेंचमधून आला आणि ज्याच्याकडे किंवा ज्याच्या बाबतीत क्रिया होते त्या माणसाला तो नाव देतो. ज्या भाषेने नामाच्या विभक्ती टाकून दिल्या, तिने कायद्याच्या कागदासाठी ‘ज्याला पाठवायचे तो’ एवढा अर्थ एका प्रत्ययात पुन्हा मिळवला, ही गंमत व्याकरणाच्या पुस्तकात सहसा येत नाही.

इंग्रजीने विभक्ती टाकल्या म्हणजे काय झाले, हे सर्वनामांतच नीट दिसते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना चार विभक्ती होत्या. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांशी रोजचा संपर्क आला, शब्दांच्या शेवटचे स्वर बोलण्यात पुसट होत गेले, 1066 नंतर राज्यकर्त्यांची भाषा काही काळ फ्रेंच झाली, आणि या सगळ्या घडामोडींत नामांचे प्रत्यय झिजून गेले. शिल्लक राहिला तो फक्त षष्ठीचा ‘स’. सर्वनामे मात्र रोज जिभेवर घासली जाऊनही टिकली: ‘आय–मी’, ‘ही–हिम’, ‘शी–हर’, ‘वी–अस’, ‘दे–देम’. यातला ‘हिम’ हा मूळचा चतुर्थीचा, म्हणजे ‘त्याला दिले’ मधला ‘त्याला’. ‘त्याला पाहिले’ यासाठी ‘हीने’ असे निराळे रूप होते, ते मागे पडले आणि ‘हिम’ने दोन्ही कामे अंगावर घेतली. ‘दे’ आणि ‘देम’ तर स्कँडिनेव्हियन पाहुण्यांचे. भाषा नामे आणि क्रियापदे सहज उसनी घेते, सर्वनाम क्वचितच, इतका तो संबंध घरोब्याचा होता. म्हणून मराठी माणसाने इंग्रजीत विभक्ती शोधायची असेल तर ती सर्वनामात शोधावी, कारण नामांत ती अदृश्य आहे.

मराठी भाषकाला त्याहून जवळची वाटेल अशी एक जुनी रचना इंग्रजीत होती. ‘मला वाटते’, ‘मला आवडते’, ‘मला भूक लागली’ या वाक्यांत अनुभव घेणारा माणूस प्रथमेत नसून चतुर्थीत असतो, आणि क्रियापद त्याच्याशी नव्हे तर वाटणाऱ्या, आवडणाऱ्या वस्तूशी जुळते: ‘मला संत्रे आवडते’, ‘मला संत्री आवडतात’. जुन्या इंग्रजीत ‘लाइक’ या क्रियापदाच्या पूर्वजाचा अर्थ ‘आवडणे’ असाच होता, ‘आवडून घेणे’ असा नव्हे. आवडणारी वस्तू कर्ता आणि ज्याला आवडते तो चतुर्थीत. ‘मला वाटते’ यासाठीचे ‘मीथिंक्स’ हे रूप तर शेक्सपिअरच्या काळापर्यंत सर्रास वापरात होते, आणि त्यातला ‘मी’ म्हणजे मराठीतला ‘मी’ नव्हे तर ‘मला’. डॅनिश भाषावैज्ञानिक ऑटो येस्पर्सन यांनी या स्थित्यंतराची उकल केली: नामांचे प्रत्यय गेल्यावर ‘राजाला’ आणि ‘राजा’ यांत रूपाचा फरक उरला नाही, वाक्याच्या आरंभी बसणारे नाम कर्ताच असते अशी सवय जडली, आणि ज्याला आवडते तो माणूस, जागा न सोडता, नकळत कर्ता होऊन बसला. मग सर्वनामही त्याच वाटेने गेले आणि ‘मी’चे ‘आय’ झाले. वऱ्हाडी आणि नागपुरी बोलीत या ‘मला’ला ‘मले’ म्हणतात, ‘तुला’ला ‘तुले’, ‘त्याला’ला ‘त्याले’. कळमन्यात ‘मले परवडत नाही’ असे म्हणणारा शेतकरी, इंग्रजीने काही शतकांपूर्वी मोडून टाकलेली रचना आजही रोज वापरतो.

‘आय हॅव’ या एका इंग्रजी रचनेपुढे मराठीत तीन वेगळ्या वाटा फुटतात, आणि भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक वेळी त्यातली एक निवडावी लागते. ‘माझ्याकडे दोन गाड्या आहेत’ यात ‘कडे’ येते, कारण गाड्या हातातल्या आहेत, उद्या दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतात. ‘मला दोन भाऊ आहेत’ यात चतुर्थी येते, कारण भाऊ विकता येत नाहीत, निदान व्याकरणाला तरी तसे वाटते. ‘माझी काटोलला शेती आहे’ यात षष्ठी येते, कारण तो हक्क आहे. मालकी, नाते आणि हक्क हा भेद मराठी सर्वनामाच्या रूपात सांभाळते. इंग्रजी तिन्हींना एका सकर्मक क्रियापदाच्या पोत्यात भरते आणि सर्वनामाला सरळ कर्त्याच्या जागी बसवते. येथे इंग्रजीचा सोपेपणा खरा आहे, पण तो उलट भाषांतरात महाग पडतो: इंग्रजी माध्यमातून शिकलेली नागपूरची किंवा पुण्याची मुले ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ असे म्हणू लागली आहेत, आणि त्यात नवी मराठी घडते आहे की जुनी उसवते आहे, याचा निकाल इतक्यात लागणारा नाही.

मराठी क्रियापद पुरुष आणि वचन आपल्या अंगावर दाखवते, म्हणून ‘आलो’, ‘विकलेस’, ‘जाऊ’ एवढे बोलले तरी कर्ता कळतो आणि सर्वनाम गाळता येते. इंग्रजी क्रियापदाजवळ तेवढी सामग्री उरलेली नाही, त्यामुळे कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवण्याची तिला मुभा नाही. बसवायला कोणी नसेल तर एखादे नाममात्र सर्वनाम आणून बसवावे लागते. ‘पाऊस पडतो’ यात मराठीला पाऊसच कर्ता म्हणून मिळतो. इंग्रजीत ‘इट इज रेनिंग’ मधला ‘इट’ कोणाकडेच बोट दाखवत नाही, तो केवळ खुर्ची राखतो. ‘देअर’चेही तसेच. बाजारभावाच्या मराठी बातमीत ‘आवक घटली, भाव वधारले’ एवढ्या चार शब्दांत काम भागते, तिथे इंग्रजी वाक्याला कर्ता, सहायक क्रियापद आणि पूर्वयोगी पदबंध यांचा सगळा संसार मांडावा लागतो.

इथे नागपुरी बोलीचा एक विशेष नोंदवायला हवा, कारण त्यामुळे इंग्रजी शिकण्याची वाट पुण्या-मुंबईपेक्षा थोडी वेगळी होते. 1861 मध्ये नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी झाली, त्या प्रांतात मराठी आणि हिंदी शेजारी नांदल्या, आणि 1956 मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात येईपर्यंत कारभाराचे तोंड बरेचसे हिंदी मुलखाकडे होते. ‘तो जाऊन राहिला’, ‘मी हिशेब करून राहिलो’ ही रचना हिंदीतल्या ‘जा रहा’, ‘कर रहा’च्या सहवासाने रुजली असे सामान्यतः मानतात. पुण्याच्या माणसाला ‘जाऊन राहिला’ म्हणजे ‘गेला आणि तिथे मुक्काम केला’ असे वाटते. नागपुरात त्याचा अर्थ ‘या क्षणी जात आहे’ असा आहे, आणि ‘जातो’ या साध्या वर्तमानाहून तो काटेकोरपणे वेगळा ठेवला जातो. इंग्रजीतला ‘गोज’ आणि ‘इज गोइंग’ हा भेद म्हणून नागपूरकराला उपरा वाटत नाही. त्याची अडचण पुढे आहे: बोलीत ‘काही समजून नाही राहिलं’ असेही बिनदिक्कत म्हणतात, त्यामुळे ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ हे वाक्य त्याला अगदी स्वाभाविक वाटते, तर प्रमाण इंग्रजी समजणे, माहीत असणे, आवडणे यांसारख्या स्थितिवाचक क्रियापदांना हे चालू रूप सहसा देत नाही. ही चूक अज्ञानातून होत नाही; एका भाषेतला नियम दुसरीत इमानाने पाळल्यामुळे ती होते.

सर्वनामांच्या बाबतीत मराठी जे भेद करते आणि इंग्रजी करत नाही, त्यांपैकी दोन भेद व्यवहारात फार मोलाचे आहेत. ‘आम्ही भाव ठरवू’ आणि ‘आपण भाव ठरवू’ या दोन वाक्यांत समोरचा माणूस बाहेर आहे की आत, एवढाच फरक आहे, पण अडत्या शेतकऱ्याशी बोलत असेल तर तो फरक म्हणजे सगळा व्यवहार. इंग्रजीच्या ‘वी’ला तो दाखवता येत नाही. दुसरा भेद ‘आपला’ आणि ‘त्याचा’ यांमधला. ‘व्यापाऱ्याने आपल्या गाडीत पोती टाकली’ म्हणजे व्यापाऱ्याच्याच गाडीत. ‘त्याच्या गाडीत’ म्हणजे आधी उल्लेख झालेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी. इंग्रजी दोन्हींसाठी ‘हिज’ वापरते, आणि पोती नेमकी कोणाच्या गाडीत गेली हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे. फारच निकड असेल तर ‘हिज ओन’ असे ठिगळ लावायचे. उलट, शब्दयोगी अव्ययांपूर्वी मराठी सर्वनाम षष्ठीच्या रूपात येते, ‘त्याच्यासाठी’, ‘माझ्यामागे’, कारण यांतली बरीच अव्यये एकेकाळी नामे होती आणि ‘त्याच्या मागे’ हे ‘त्याच्या घरी’सारखेच संबंध दाखवणारे पद होते. इंग्रजीत ‘फॉर हिम’ असे साधे द्वितीयेचे रूप लागते, पण ‘फॉर हिज सेक’ या जुन्या वाक्प्रचारात मराठीसारखीच रचना अजून उभी आहे, कारण तिथे ‘सेक’ हे खरोखरचे नाम आहे.

क्रियापद, सर्वनाम आणि ‘अप’, ‘आउट’, ‘ओव्हर’ यांसारखे शब्द एकत्र आले की इंग्रजीचा सर्वांत अवघड प्रदेश सुरू होतो. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच बजावले होते की येणे, पडणे, ठेवणे अशा साध्या क्रियापदांना हे लहान शब्द लागून जे अर्थ तयार होतात ते परक्यांना सर्वांत जड जातात. या जोड्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव 1925 मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकामुळे रूढ झाले. मराठीत अशा जोड्या नाहीत असे नाही, फक्त मराठी दिशेच्या शब्दाऐवजी दुसरे क्रियापद जोडते: ‘खाऊन टाक’, ‘विकून टाक’, ‘लिहून ठेव’, ‘उचलून घे’. ‘टाकणे’चा मूळ अर्थ इथे उरलेला नाही, क्रिया पुरती संपली एवढेच ते सांगते, आणि ‘ईट इट अप’ मधला ‘अप’ वर जाण्याशी जितका संबंध ठेवतो, तितकाच ‘खाऊन टाक’ मधला ‘टाक’ फेकण्याशी ठेवतो.

अवघडपणा अर्थात नसून जागेत आहे. एका मुनीमाविषयी दोन वाक्ये घेऊ: ‘ही लुक्ड ओव्हर द वॉल’, त्याने भिंतीवरून पाहिले, आणि ‘ही लुक्ड ओव्हर द अकाउंट्स’, त्याने हिशेब नजरेखालून घातले. शब्दांचा क्रम हुबेहूब सारखा आहे. नामांच्या जागी सर्वनाम घातले की मात्र दोघांचे अंतरंग वेगळे असल्याचे उघड होते: पहिल्याचे ‘लुक्ड ओव्हर इट’ होते, दुसऱ्याचे ‘लुक्ड देम ओव्हर’. पहिल्या वाक्यात ‘ओव्हर’ हा भिंतीचा आहे, दोघांचा मिळून पदबंध होतो, म्हणून सर्वनाम त्याच्या मागेच राहते. दुसऱ्यात ‘ओव्हर’ हा क्रियापदाचा आहे, हिशेबांशी त्याचे थेट नाते नाही, आणि आघातहीन सर्वनाम आपल्या सवयीप्रमाणे क्रियापदाला लगटते आणि ‘ओव्हर’ला शेवटी ढकलते. नाम असताना ‘लुक्ड द अकाउंट्स ओव्हर’ आणि ‘लुक्ड ओव्हर द अकाउंट्स’ हे दोन्ही चालते, पण ‘लुक्ड ओव्हर देम’ म्हटले की हिशेबांची जणू भिंत होते. म्हणून ‘पिक इट अप’ म्हणायचे, ‘पिक अप इट’ नाही. आणि ‘लुक ॲट इट’ म्हणायचे, ‘लुक इट ॲट’ नाही. शाळेतल्या पुस्तकांत हे दोन वेगळे अपवाद म्हणून शिकवले जातात, वास्तविक ते एकाच नियमाची दोन टोके आहेत.

मराठीत अशी फारकत होऊ शकत नाही, कारण शब्दयोगी अव्यय नामाला चिकटलेलेच असते. म्हणूनच इंग्रजीत प्रश्न विचारताना नात्याचा शब्द वाक्याच्या शेवटी एकटा सोडून देण्याची जी रीत आहे, ‘व्हॉट आर यू वेटिंग फॉर’ अशी, तिचे मराठीत प्रतिबिंब पडत नाही. ‘कशासाठी’ मधला ‘साठी’ मागे ठेवून ‘कशा’ने पुढे जाणे शक्य नाही. कवी जॉन ड्रायडन यांनी 1672 मध्ये बेन जॉन्सन यांच्या लेखनातल्या अशा एकट्या शेवटांना दोष दिला, आणि तेव्हापासून शाळामास्तरांनी तो नियमच करून टाकला, जरी इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो कधी मनावर घेतला नाही.

उलट एका ठिकाणी मराठी इंग्रजीच्या कितीतरी पुढे आहे. ‘ही सोल्ड द ऑरेंजेस इन द ट्रक’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. गाडीत भरलेली जी संत्री होती ती त्याने विकली, हा एक. विक्रीचा व्यवहार गाडीत बसून झाला, हा दुसरा. ‘इन द ट्रक’ हा पदबंध नामाचा आहे की क्रियापदाचा, हे इंग्रजी वाक्यात कुठेही लिहिलेले नाही. मराठीत हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण नामाशी जोडायचे असेल तर पदबंधाला विशेषणाचा प्रत्यय लावावा लागतो आणि तो पुढच्या नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो: ‘गाडीतली संत्री विकली’. क्रियापदाशी जोडायचे असेल तर नुसते ‘गाडीत संत्री विकली’. ‘वर’चे ‘वरचा’, ‘साठी’चे ‘साठीचा’, ‘कडे’चे ‘कडचा’, ‘त’चे ‘तला’. एवढ्या एका अक्षराच्या भरीने मराठी ते काम करते ज्यासाठी इंग्रजीला स्वल्पविराम, नवे वाक्य किंवा वाचणाऱ्याची समजूत यांवर विसंबावे लागते. ‘काटोलच्या शेतकऱ्याकडून घेतलेली संत्री’ आणि ‘शेतकऱ्याकडून काटोलला घेतलेली संत्री’ यांत घोटाळा करायचा म्हटले तरी होत नाही, पण ‘ऑरेंजेस बॉट फ्रॉम अ फार्मर इन काटोल’ असे करारात लिहिले तर शेतकरी काटोलचा की खरेदी काटोलची, यावर दोन पक्ष वाद घालू शकतात.

इंग्रजीतला हा गोंधळ सोडवायचा असेल तर इथेही सर्वनामच कामाला येते. ‘द ऑरेंजेस इन द ट्रक’ हा सगळा गट एक नामपद असेल तर त्या सगळ्याच्या जागी एक ‘देम’ बसतो आणि वाक्य होते ‘ही सोल्ड देम’. गाडी सर्वनामाच्या पोटात गेली. पण ‘इन द ट्रक’ क्रियापदाचे असेल तर ‘देम’ फक्त संत्र्यांची जागा घेतो आणि गाडी बाहेर उरते: ‘ही सोल्ड देम इन द ट्रक’. या दुसऱ्या वाक्याचा पहिला अर्थ कोणालाही लावता येत नाही.